लॉन हवंय? आधी पहार घ्या!

रो हाउसमागच्या चिमुकल्या अंगणात नर्सरीवाला लगेच हिरवे गालिचे अंथरायला तयार होता. पण लेक आता तिथंच रांगणार, म्हणून मी आधी पहार मागितली. वीतभर खाली काय निघालं? काचा, विटांचे तुकडे, गंजके खिळे! आणि लव्हाळा. तो नुसता उपटून जात नाही बरं का. जमिनीत गाठ राहिली की पुन्हा हजर. चक्क दोन रविवार गेले त्यात. मग लाल माती, कुजलेलं शेणखत, घरापासून बाहेर हलकासा उतार, वर रोलर. कोरियन गवत दिसतं झकास, पण आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो. म्हणून आपली हरळीच घेतली, गणपतीच्या दूर्वांची! गालिचे विटांसारखे सांधे चुकवून लावले. पहिले पंधरा दिवस रोज पाणी, वर पाय ठेवायचा नाही. पहिली कापणी पातं उंच ठेवूनच.