पापणीवरची गोचीड : हात लावू नका, दवाखान्यात न्या



गळीत हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांच्या अड्ड्यावर, कोप्यांत आणि गोठ्यात लहान पोरं जनावरांच्या अंगाला लागूनच वावरतात. अशात एखादी गोचीड पोराच्या पापणीला चिकटते. तिच्या लाळेमुळे चावा दुखत नाही, म्हणून पोर रडत नाही. आईला वाटतं, रांजणवाडी आली किंवा तीळ उठला. दोन दिवसांत तो तीळ फुगतो. चांगल्या उजेडात पाहिलं की त्याला पाय दिसतात!

मग घरगुती उपाय सुरू होतात. कोणी रॉकेल लावतो, कोणी चुना, कोणी विडीचा चटका द्यायला निघतो. बैलाची गोचीड उपटावी तशी कोणी चिमटीने उपटतो. यातलं काहीही करू नये. चुना डोळ्यात गेला तर नजर कायमची जाऊ शकते. गोचीड चिरडली तर तिच्यातले रोगजंतू जखमेत उतरण्याचा धोका असतो. शिवाय तिच्या तोंडाला उलटे काटे असतात. हिसका दिला की धड हातात येतं आणि तोंड पापणीत राहतं.

म्हणून पोराला डोळा चोळू न देता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. ते डोळा बधिर करणारे थेंब घालतात, बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत धरतात आणि न पिळता, सावकाश, सरळ ओढतात. तोंड आत राहिलं का, हे भिंगातून पाहतात आणि लागलं तर मलम देतात. पोर स्थिर राहत नसेल तर गुंगीचं औषध द्यावं लागतं. घरी आल्यावर पोराचे केस, कानामागची जागा, काखा आणि जांघाही तपासाव्यात.

काम इथंच संपत नाही. पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ दिसलं तर डॉक्टरांना “गोचीड चावली होती” हे आवर्जून सांगा. हे वाक्य ऐकलं की त्यांना दिशा मिळते. गोचिडीपासून येणारा पुरळाचा ताप वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. रानातल्या गोचिडांमुळे होणारा माकडताप १९५७ साली कर्नाटकात शिमोगा भागात प्रथम ओळखला गेला. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातही आढळला.

दुखण्याचं मूळ मात्र गोठ्यात आहे. गोचिडीची मादी भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून पशुवैद्यांना विचारून जनावरांबरोबर गोठ्यालाही औषध मारा, फटी बुजवा. ते जनावरांचं औषध पोरांच्या अंगाला कधीही लावू नका.

गोठा स्वच्छ ठेवा आणि संध्याकाळी पोरांना उजेडात एकदा नीट पाहा. एवढ्यानं एखाद्या लेकराचा डोळा वाचेल.