दगडातल्या पानाचं बी

आपल्या हैदराबादकरांना सिंगरेणीचा कोळसा नवा नाही. गोदावरी खोऱ्यातल्या या कोळशाच्या थरांबरोबर जिभेसारख्या लांबट पानांचे ठसे सापडतात. चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यातही ते आहेत. ही वनस्पती म्हणजे ग्लोसॉप्टेरिस. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘जीभ-नेचा’. साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी ती नामशेष झाली.

१८२८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राँन्यार यांनी भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या पानांवरून तिला हे नाव दिलं. पानांवरच्या शिरांची जाळी पाहून तो नेचा वाटला. पुढे हेच पान आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही मिळालं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीने सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत सोबत ठेवले होते. त्यांतही ही पानं होती.

मग ती समुद्रापलीकडे पोचली कशी? नेचा असेल तर उत्तर सोपं आहे. त्याचे बीजाणू धुळीसारखे हलके, वाऱ्यावर उडाले असतील. पण तिला बिया येत असतील, तर महासागर ओलांडणं फार अवघड. म्हणजे हे खंड कधीतरी एकमेकांना जोडलेले असावेत, या म्हणण्याला बळ मिळतं.

अडचण अशी की जीवाश्मात झाड अखंड मिळत नाही. पानाला एक नाव, मुळाला दुसरं, बीजधारी अवयवाला तिसरं. सॉफ्टवेअरच्या कामात मला हे ओळखीचं वाटतं. एकाच ग्राहकाच्या तीन नावांनी तीन नोंदी असतात आणि त्या जोडायला एक पक्का दुवा लागतो.

तो दुवा दक्षिण आफ्रिकेत फेरीनिखिंग इथे मिळाला. १९५२ मध्ये एडना प्लमस्टेड यांनी तिथले असे नमुने जगापुढे मांडले, ज्यांत बीजधारी अवयवाचा देठ थेट ग्लोसॉप्टेरिसच्या पानातून निघाला होता. म्हणजे ती नेचा नव्हतीच. तिची गणना आता सहसा ‘बीज-नेच्यां’त होते.

२००३ मध्ये आणखी एक नवल समोर आलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जीवाश्मांत परागनलिकेमध्ये पोहणारे पुंबीज दिसले. आजच्या गिंको आणि सायकसमध्येही ते असतात. बी नव्या रीतीचं, पण पुंबीजाची पाण्यात पोहण्याची सवय नेच्यांसारखीच जुनी!

खंड सरकल्याचे भक्कम पुरावे १९६०च्या दशकात समुद्रतळातून मिळाले. त्या जुन्या जोडखंडाला आज जग गोंडवन म्हणतं. हे नाव मध्य भारतातल्या, आपल्या शेजारच्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलं आहे.