गल्ल्यावरचं हसू मुरबाडपर्यंत नेलं तेव्हा

व्हिडिओत सांगायचं राहिलं, ते इथे लिहितोय.

नाताळच्या दोन दिवस आधीची गोष्ट. शहापूरचं दुकान लवकर बंद केलं आणि किन्हवली-सरळगाव रस्त्याने मुरबाडला मित्रांकडे गेलो. शेकोटी, गरम भजी, जुने किस्से. पोट दुखेपर्यंत हसलो. कुणीतरी विचारलं, "धंदा कसा चाललाय?" म्हटलं, "एकदम जोरात!" खरं तर उधारी इतकी अडकली होती की सकाळी शटर उघडायची इच्छा होत नव्हती.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात हवाई सुंदऱ्यांबद्दल लिहिलंय: प्रवाशांसाठी हसणं हेही कामच, आणि त्याचाही थकवा येतो. आपल्या गल्ल्यावर वेगळं काय? गिऱ्हाईकासमोर हसावंच लागतं. मी मात्र तीच ड्युटी मित्रांपुढेही चालू ठेवली होती. (नोकरीवाला निदान साहेबाच्या नावाने बोटं मोडतो. आपण कुणाच्या मोडायची?)

निघताना एकाला बाजूला घेऊन उधारीचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "अरे, माझेपण अडकलेत. उद्या वही घेऊन ये, बसून यादी करू."

२४ तारखेला वही घेऊन परत मुरबाड गाठलं. केक त्याने आणून ठेवला होता.