चार चॅनेलांत बसवलेलं गाणं

जुन्या ‘मॉड’ फाइलचा आकार पाहिला की आधी विश्वास बसत नाही. दीडशे-दोनशे किलोबाइट, म्हणजे फोनवरच्या एका फोटोपेक्षाही कमी. वाजवायला घेतली तर तीन-साडेतीन मिनिटांचं भरगच्च गाणं ऐकू येतं: ड्रम, बास, मागे भरून राहिलेले लांब सूर, वर एक धून. अशी हजारो गाणी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या सुरुवातीला जर्मनी, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्कमधल्या हौशी पोरांनी घरी बसून केली. ना स्टुडिओ, ना महागडी वाद्यं. कसं जमलं, ते फाइल उघडून पाहिलं की कळतं.

यंत्र होतं कमोडोर कंपनीचा अमिगा संगणक. त्यातलं अमिगा ५०० हे घरगुती मॉडेल १९८७ साली आलं. मेमरी ५१२ किलोबाइट. आवाजाचं काम ‘पॉला’ नावाच्या चिपकडे होतं. तोवर बहुतेक घरगुती संगणक आवाज स्वतः तयार करत आणि तो ऐकताक्षणी संगणकाचाच वाटे. पॉला मात्र मेमरीत साठवलेला कोणताही आवाज उचलून वाजवायची: माणसाचा, बासरीचा, दार आपटल्याचा. एका वेळी फक्त चार आवाज, म्हणजे चार चॅनेल. दोन डाव्या बाजूला, दोन उजव्या. पाचवा नाही.

त्याच वर्षी कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रामरचं ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हे संगीत रचण्याचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. अशा सॉफ्टवेअरला ट्रॅकर म्हणतात. ते विकायला काढलेलं होतं, पण हौशी मंडळींनी त्याचा कोड उसवला, सुधारला आणि सुधारलेल्या प्रती आपसांत वाटल्या. अशा उसवण्या-शिवण्यातून १९८९ साली स्वीडनमध्ये ‘नॉइजट्रॅकर’ आणि १९९०च्या सुमारास ‘प्रोट्रॅकर’ तयार झाले. वाद्यांच्या जागा १५ होत्या, त्या ३१ झाल्या. चॅनेल मात्र चारच राहिले.

आता पहिली पायरी, आवाज टिपण्याची. त्याला सॅम्पल म्हणतात. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसणारी एक छोटी डबी मिळायची. तिला टेपरेकॉर्डर किंवा माइक जोडायचा. डबी सेकंदाला हजारो वेळा आवाजाची पातळी मोजते आणि प्रत्येक मोजमाप एक आकडा म्हणून मेमरीत जातं. अमिगात हा आकडा ८ बिटांचा, म्हणजे पातळ्या फक्त २५६. म्हणून या गाण्यांत शांत जागी हलकी खरखर ऐकू येते.

सेकंदाला किती वेळा मोजायचं, यावर सगळं अर्थकारण ठरतं. ट्रॅकरमध्ये ‘सी-२’ या स्वरावर सॅम्पल सेकंदाला सुमारे ८,२८७ आकड्यांच्या वेगाने वाजतं. एक आकडा म्हणजे एक बाइट, म्हणून एका सेकंदाला साधारण ८ किलोबाइट. सीडीला त्याच सेकंदासाठी १,७६,४०० बाइट लागतात. एवढी काटकसर फुकट होत नाही. मोजण्याच्या वेगाच्या निम्म्यापर्यंतचेच सूर टिपता येतात. ८,२८७चे निम्मे म्हणजे ४,१४० हर्ट्झच्या आसपास. बासला ते पुष्कळ झालं. झांजेचा झणत्कार मात्र मेलाच. म्हणून जाणते लोक झांज दुप्पट वेगाने टिपत आणि वरच्या सप्तकात वाजवत. जागा दुप्पट लागे, मग झांजेची शेपूट कापून ती पाव सेकंदाची करत. या संगीतातले ड्रम असे तुटक का वाजतात, याचं कारण एवढंच.

एकच आवाज वेगवेगळ्या स्वरांवर कसा चढतो? ग्रामोफोनची ३३ची तबकडी ४५वर लावली की गायिका वरच्या पट्टीत आणि घाईघाईने गाते, तसाच. दुप्पट वेग म्हणजे एक सप्तक वर. त्यामुळे वरचा स्वर लवकर संपतो, खालचा लांबतो. टिपलेला माणसाचा आवाज चार-पाच स्वर वर नेला की कार्टून होतो. पुष्कळांनी तो मुद्दाम तसा वापरला.

सूर लांब धरून ठेवायचा तर लूप. सॅम्पलचा एक तुकडा निवडायचा आणि तो संपला की पुन्हा त्याच्या सुरुवातीला उडी मारायला सांगायचं. तुकड्याचं शेवटचं आणि पहिलं मोजमाप जुळलं नाही, तर प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा आवाज येतो. ही जुळणी कानाने आणि पडद्यावरच्या लहरीकडे बघत करावी लागते. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच. पण लूप किती लहान करता येतो, हे पाहण्यासारखं आहे. अवघ्या ३२ आकड्यांची एक लहर ‘सी-२’वर फिरवली तर ८,२८७ भागिले ३२, म्हणजे सुमारे २५९ हर्ट्झचा सूर लागतो. पेटीच्या पांढरी एकच्या अगदी जवळ. एक अख्खं वाद्य ३२ बाइटांत! अशा लहरींवर रचलेल्या गाण्यांना ‘चिपट्यून’ हे नाव पडलं आणि ती काही किलोबाइटांत मावू लागली.

आवाज जमले की मांडणी. ट्रॅकरच्या पडद्यावर चार उभे रकाने असतात, प्रत्येक चॅनेलचा एक. काळ वरून खाली सरकतो. ६४ ओळींचा एक पॅटर्न. प्रत्येक घरात चार बाइट: कोणतं सॅम्पल, कोणता स्वर, आणि त्याचं काय करायचं ही सूचना. पूर्ण पॅटर्न १,०२४ बाइटांचा. युरोपातल्या अमिगाचा पडदा सेकंदाला ५० वेळा उजळायचा आणि ट्रॅकर त्याच ठोक्यावर चालायचा. नेहमीच्या गतीत एका ओळीला सहा ठोके, म्हणजे १२० मिलिसेकंद. चार ओळींची एक मात्रा धरली तर मिनिटाला १२५ मात्रा. इतकी गाणी नेमकी १२५च्या लयीत सापडतात, ती यामुळे.

खरी करामत त्या सूचनांच्या रकान्यात आहे. चारच चॅनेल, मग तीन स्वरांची कॉर्ड वाजवायची कशी? ‘०३७’ लिहायचं. याचा अर्थ मूळ स्वर, तीन अर्धस्वर वर, सात अर्धस्वर वर. आपल्या भाषेत षड्ज, कोमल गंधार, पंचम. ट्रॅकर दर ठोक्याला यातला पुढचा स्वर घेतो. सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याला बदलणारे स्वर कान वेगळे काढू शकत नाही. एक गुरगुरणारी, पाण्यासारखी हलणारी कॉर्ड ऐकू येते. ‘३’ने सुरू होणारी सूचना एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेते, ही त्यातल्या त्यात मींड. बारकाईने ऐकलं तर तिच्या पायऱ्या जाणवतात, आणि कोणा गायकाला ती मींड वाटणार नाही. प्रतिध्वनीसाठी वेगळी सोय नाही, म्हणून तोच स्वर दोन-तीन ओळींनंतर दुसऱ्या चॅनेलात हळू आवाजात पुन्हा लिहायचा. धून श्वास घेते तिथे तिच्याच चॅनेलात झांज घुसवायची. नवा स्वर आला की त्या चॅनेलातला आधीचा तत्क्षणी तुटतो, त्यामुळे कोणत्या घरात काय ठेवायचं हा हिशेब सतत चालू. माझ्या मते रचनाकाराची पारख धुनेपेक्षा इथे होते.

या सगळ्यातली मोठी गोष्ट सहज घडली. सॅम्पलं आणि लिहिलेलं संगीत दोन्ही एकाच फाइलमध्ये असल्याने कोणालाही ती ट्रॅकरमध्ये उघडून प्रत्येक ओळ वाचता येत होती. ८८० किलोबाइटच्या फ्लॉपीवर अशी अनेक गाणी टाकून पोरं ती टपालाने एकमेकांना धाडत. प्रत्येक सॅम्पलच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा होती. तिथे नावाऐवजी निरोप, पत्ते, मित्रांना नमस्कार, क्वचित शिव्याही लिहिलेल्या सापडतात. दुसऱ्याचं सॅम्पल न विचारता उचलणं या मंडळींत हलकेपणाचं मानलं जाई. मूळ आवाज मात्र पुष्कळदा कुणाच्या तरी विकत्या रेकॉर्डवरूनच घेतलेला असे. त्याबद्दल फारशी खंत कुणाला नव्हती.

हे तंत्र पुढे व्यवसायातही गेलं. १९९८चा ‘अनरिअल’ आणि २००० सालचा ‘डेअस एक्स’ या संगणक खेळांचं संगीत ट्रॅकरमधलंच आहे. ज्या डेमोसीन नावाच्या हौशी चळवळीत ही गाणी वाढली, तिची नोंद फिनलंडने २०२०मध्ये आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली.

अमिगा आज शोधायची गरज नाही. ‘ओपनएमपीटी’ आणि ‘मिल्कीट्रॅकर’ हे ट्रॅकर विनामूल्य आहेत आणि साध्या संगणकावर चालतात. स्वयंपाकघरातल्या वाटीचा आवाज फोनवर टिपूनही सुरुवात होते. पण त्याआधी एखादी जुनी मॉड फाइल उघडा, तीन चॅनेल बंद करा आणि उरलेलं एकच चॅनेल शेवटपर्यंत ऐका. मग दुसरं, मग तिसरं. ट्रॅकर शिकायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.