पहिल्यांदाच सेदेर आपल्या घरी : वल्हांडण सणाच्या जेवणाचं नियोजन

आपण वर्गात सणांची माहिती शिकवतो, तेव्हा यहुदी बांधवांचा वल्हांडण सण म्हणजेच 'पेसाह' दोन ओळींत उरकतो. पण हा सण खरा कळतो तो स्वयंपाकघरातून. म्हणून आज आपण तो तिथूनच समजून घेऊ या.

समजा, तुम्ही ठाण्यातल्या एका बेने इस्राएल कुटुंबातली नात आहात. आजवर सेदेर, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीचं जेवण, आजीच्या घरी व्हायचं. यंदा आजीला झेपत नाही. काका-मामांची घरं केव्हाच इस्राएलला गेली. आता तुम्ही केलं तरच होणार! बारा माणसं येणार आहेत. सुरुवात कुठून करायची?

सण कशाचा आहे?

इजिप्तच्या गुलामीतून इस्राएली लोक सुटले, त्याची ही आठवण. निघायची इतकी घाई होती की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून या सणात फुगलेलं, आंबलेलं धान्य (हामेत्स) खात नाहीत आणि घरातही ठेवत नाहीत. त्याऐवजी मत्सा, म्हणजे बेखमीर भाकर खातात. पीठ आणि पाणी एकत्र आल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते. सण मार्च-एप्रिलमध्ये येतो. तो इस्राएलमध्ये ७ दिवस, तर बाहेर ८ दिवस पाळतात.

'सेदेर' या शब्दाचा अर्थच मुळी 'क्रम'. आधी गोष्ट, मग जेवण. हे लक्षात ठेवलंत की अर्धं नियोजन झालं.

पायरी १ : पाहुण्यांना तीन प्रश्न विचारा (तीन आठवडे आधी)

१) भात-डाळ चालते का? बेने इस्राएल घरांत पेसाहला भात चालतो. पण युरोपीय परंपरेच्या (अश्केनाझी) अनेक घरांत तांदूळ आणि कडधान्यं वर्ज्य असतात. असा पाहुणा असेल तर बटाटा जास्त करा.

२) मटण खाता का?

३) सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का? हा प्रश्न विसरू नका, कारण पुढच्या एका पदार्थात बदाम-अक्रोड आहेत.

याच वेळी मत्सा आणि कोशेर मटणाची मागणी नोंदवा. या दोन गोष्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

पायरी २ : घरातलं हामेत्स काढा

गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचा विचार करायचा. पोळीचं पीठ, रवा, मैदा, पाव, बिस्किटं, शेवया हे तर लगेच आठवतं. पण फसगत होते ती डब्यांच्या मागच्या रांगेत!

- हिंग : बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. लेबल वाचा, नाहीतर हिंग वगळाच.
- तयार मसाले : शक्यतो खडे मसाले आणून घरी दळा.
- सोया सॉस आणि माल्ट व्हिनेगर : दोन्ही बाजूला ठेवा.
- तांदूळ : ताटात पसरून तीन वेळा निवडण्याची पद्धत अनेक घरांत आहे. चुकून गव्हाचा दाणा राहू नये म्हणून.

आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घरात हामेत्सचे तुकडे शोधतात आणि सकाळी जाळतात. हे काम लहान मुलांना द्या. त्यांना तो खेळच वाटतो.

पायरी ३ : सेदेरचं ताट मांडा

मला हे ताट म्हणजे उत्तम शैक्षणिक साहित्य वाटतं. प्रत्येक पदार्थ काहीतरी सांगतो.

- भाजलेलं हाड : मंदिरातल्या वल्हांडणाच्या कोकराची आठवण. ते खात नाहीत. शाकाहारी घरात बीटही ठेवतात.
- भाजलेलं अंडं : सणाच्या अर्पणाची आठवण.
- कडू भाजी : गुलामीचा कडवटपणा. लेट्यूसची पानं चालतात. ताटात कडू भाजी दोन ठिकाणी मांडायची पद्धत आहे.
- हरोसेत : विटांच्या चिखलाची खूण, पण चवीला गोड!
- सेलरी किंवा उकडलेला बटाटा : मिठाच्या पाण्यात बुडवून खायचा. ते पाणी म्हणजे अश्रू.

शेजारी झाकून तीन मत्सा ठेवायच्या.

हरोसेतची कृती (१२ जणांसाठी) : अर्धा किलो बिनबियांचा खजूर चार कप पाण्यात मऊ शिजवा. थंड झाल्यावर कुस्करून फडक्यातून पिळून घ्या. हा रस मंद आचेवर आटवा. चमच्याच्या पाठीला जाड थर बसला की गॅस बंद करा, कारण गार झाल्यावर पाक अजून घट्ट होतो. वाढताना मूठभर बदाम-अक्रोडाची भरड घाला. ॲलर्जीवाल्यांसाठी नुसता पाक आधीच वेगळा काढा. दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवलात तरी चालतो.

पायरी ४ : मुख्य जेवण

इथे एक नियम पक्का : मांस आणि दूध एकत्र नाही. मटण असेल तर दह्याची कोशिंबीर नाही, भातावर तूप नाही आणि दुधाची खीरही नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांनी यावर सुंदर तोड काढली, ती म्हणजे नारळाचं दूध.

बारा जणांसाठी अंदाज असा :

- मटण (नारळाच्या दुधातलं) : अडीच किलो
- तांदूळ : सव्वा किलो
- बटाटे : २ किलो
- अंडी : १५
- काकडीची कोशिंबीर : लिंबू पिळून
- मत्सा : माणशी २, म्हणजे २४
- द्राक्षरस : प्रत्येकी चार छोटे पेले, म्हणजे सुमारे ५ लिटर

वाइनऐवजी बेने इस्राएलांची जुनी पद्धत आहे काळ्या मनुकांच्या सरबताची. मनुका धुऊन रात्रभर भिजवायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या. मुलांनाही हेच देता येतं.

गोडाला रोश हशानाचा चिकाचा हलवा आठवेल, पण तो गव्हाचा, त्यामुळे इथे नाही. त्याऐवजी १० ग्रॅम चायना ग्रास थोड्या पाण्यात विरघळवा. एक लिटर नारळाचं दूध, एक कप साखर आणि वेलची एकत्र गरम करून त्यात मिसळा. थाळीत ओतून थंड होऊ द्या. वड्या पडतात.

पायरी ५ : वेळ सांभाळा

सेदेर अंधार पडल्यावर सुरू होतं आणि जेवण यायला तास-दीड तास सहज लागतो. मुलं भुकेजतात. त्यांना संध्याकाळी पोटभर खायला द्या आणि मिठाच्या पाण्यातला बटाटा भरपूर ठेवा. सगळा स्वयंपाक सूर्यास्ताआधी आटपा. हलवा वेळेत वाढा. शेवटी लपवून ठेवलेला मत्साचा तुकडा (अफिकोमान) मुलं शोधून आणतात, आणि तो खाल्ल्यावर काहीही खायचं नसतं!

सर्वांत महत्त्वाचं

या रात्री घरातलं सर्वांत लहान मूल विचारतं, 'आजची रात्र वेगळी का?' सगळी मांडामांड त्या प्रश्नासाठी असते. उत्तर हग्गादा या पुस्तकातून वाचतात. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हग्गादात हिब्रूसोबत मराठीही आहे, आणि मत्सा करणाऱ्या बायकांचं चित्रही. म्हणजे ही गोष्ट आपल्या भाषेतही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

म्हणून यजमानीणबाई, पाचऐवजी तीनच पदार्थ करा, पण प्रश्न विचारला जाईल तेव्हा तुम्ही ओट्याशी नको, पंगतीत हव्यात. आणि आजीला पाहुणी म्हणून नुसतं बसवून ठेवू नका. हरोसेतचा पाक झाला की नाही, ते तिलाच चाखायला लावा. माप कागदावर लिहिता येतं, पण चव तिच्याकडूनच घ्यावी लागते. तेवढी घेतलीत की पुढच्या वर्षीचं सेदेर तुमचंच!