गिअर अडखळतो तेव्हा

दिल्लीतील करोल बाग हा भाग मोटरसायकलींचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळा आला, की मनालीमार्गे लडाखला जाऊ इच्छिणारे प्रवासी तेथील दुकानांत आपापली वाहने तपासून घेतात. त्यांची एक तक्रार नेहमीची असते : गिअर बदलताना मोठा खटका बसतो, पाय अडखळतो आणि सिग्नलपाशी न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. त्रास पायाला जाणवतो. यास्तव दोष गिअरपेटीचा, असे अनुमान सहज काढले जाते. परंतु पुष्कळदा दोषाचे मूळ डाव्या हाताच्या मुठीपाशी, म्हणजे क्लचमध्ये असते.

क्लचचे कार्य इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे जाऊ देणे आणि हवी तेव्हा ती तोडणे, हे होय. त्यात घर्षणाच्या व पोलादाच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना परस्परांवर दाबून धरतात. मूठ दाबली, की तार ओढली जाते, तिच्या ओढीने एक दांडी पुढे सरकते, स्प्रिंगांचा दाब हटतो आणि चकत्या सुट्या होतात. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिच येथील इंग्रज कंपनी यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्या जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाने बदलावा लागे. आजच्या वाहनांत तो डाव्या पायाने बदलतात. क्लचचे तत्त्व मात्र तेच आहे.

गिअरपेटीतील दंतचक्रे एकमेकांत कायमची गुंतलेली असतात. गिअर बदलताना एक काटा चक्राला बाजूला सरकवतो आणि त्याच्या कडेचे खुंट शेजारच्या चक्राच्या खाचांत शिरतात. क्लच पूर्ण सुटला नसेल, तर इंजिनाचा जोर त्या खुंटांवर कायम राहतो. ते खाचेतून सहज निघत नाहीत आणि दुसऱ्या खाचेत आदळून शिरतात. पायाला बसणारा खटका तो हाच.

क्लचचे मुख्य दोष दोन, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यात क्लच ‘धरून राहतो’ : मूठ पूर्ण दाबूनही पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे सरकू पाहते. दुसऱ्यात तो ‘घसरतो’ : चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही. गिअर अडखळतो तो पहिल्या दोषामुळे.

दोष क्लचचा की पेटीचा, हे ठरविण्याची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद करून गाडी किंचित मागेपुढे हलवीत गिअर बदलून पाहावेत. इंजिन बंद असता ते सुरळीत पडतात आणि चालू असता अडतात, असे दिसल्यास संशय क्लचवर घ्यावा. दोन्ही वेळी अडत असतील, तर गिअरचा पायदांडा, त्याचे सांधे आणि मग पेटी पाहावी. जोर देताच गिअर आपोआप सुटत असेल, तर झिजलेले खुंट वा वाकलेला काटा यांचा संभव अधिक. तेथे क्लचला दोष देणे व्यर्थ होय.

निदान बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे जावे. प्रथम मुठीची मोकळीक पाहावी. पुष्कळ वाहनांत ती दोन-तीन मिलिमीटर ठेवतात. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत असतो. नंतर तारेचे धागे तुटले आहेत काय, ती कोरडी पडली आहे काय, हे पाहावे. मग मागील साखळीचा ताण पाहावा, कारण ढिल्या साखळीनेही गिअर बदलताना हिसके बसतात. त्यानंतर तेल. ज्या वाहनांत इंजिन आणि क्लच यांचे तेल एकच असते, त्यांत मोटारगाडीचे घर्षण कमी करणारे तेल घातल्यास क्लच घसरू शकतो. यासाठी जपानमध्ये १९९८ साली मोटरसायकलींच्या तेलाचे मानक ठरविण्यात आले. ‘जासो एमए’ ही खूण अशा क्लचला योग्य तेलाची होय. हे सर्व पाहिल्यावरच पेटी उघडून चकत्या वाकल्या आहेत काय आणि त्यांच्या घराच्या कडांना खाचा पडल्या आहेत काय, हे तपासावे.

हा क्रम का पाळावा, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. जूनच्या उन्हात दिल्लीच्या वाहनगर्दीत क्लच वारंवार अर्धवट दाबावा लागतो. चकत्या तापून फुगतात, दांडीची मोकळीक वाढते आणि तितकीच मूठ दाबूनही चकत्या पुऱ्या सुटत नाहीत. न्यूट्रल सापडेना, म्हणून प्रवासी तिथल्या तिथे तार घट्ट करतो. त्रास थांबतो. परंतु रात्री यंत्र थंड झाले, की चकत्या आकसतात आणि मोकळीक उरतच नाही. दांडी सतत दाबलेली राहते. स्प्रिंगांचा पूर्ण दाब चकत्यांना मिळत नाही. एका दोषावरील उपायाने विरुद्ध दोष जन्माला येतो.

सपाट रस्त्यावर हे ध्यानात येत नाही. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून लेहला जाताना रोहतांग टाळता येतो. पण पुढील तंगलंग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही किंचित कमी असते, आणि इंजिनाची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. चढावर गाडी ओढण्यासाठी प्रवासी अर्धा क्लच वापरू लागतो. आधीच घसरणाऱ्या चकत्या झपाट्याने झिजतात, झिजेने मोकळीक आणखी घटते आणि अखेर त्या जळतात. दुकान जवळ नसते, आणि थंडी वाढत असते.

म्हणून तार नेहमी यंत्र थंड असताना पुस्तिकेप्रमाणे जुळवावी आणि काही अंतर चालवून पुन्हा पाहावी. एवढ्या तपासणीला हत्यार लागते ते एक-दोन पाने आणि थोडे वंगण. दोषाचे नाव निश्चित होण्यापूर्वी पेच फिरविणे हा दुरुस्तीचा आरंभ नव्हे. अनेकदा तो दुसऱ्या बिघाडाचा आरंभ असतो.