साक्षी देह : आधुनिक फ्रेंच भयपटांतील आत्यंतिकता

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेंच भाषेत निर्माण झालेल्या काही भयपटांनी प्रेक्षकांत आणि समीक्षकांत तीव्र मतभेद उत्पन्न केले. आलेक्सांद्र आजा यांचा ‘ओत तांसियाँ’ (२००३), दाव्हिद मोरो व झाव्हिए पालू यांचा ‘ईल’ (२००६), आलेक्सांद्र ब्युस्तिलो व ज्युलियाँ मोरी यांचा ‘आ लँतेरिअर’ (२००७), झाव्हिए जाँस यांचा ‘फ्राँतिएर’ (२००७) आणि पास्काल लोजिए यांचा ‘मार्तीर’ (२००८) ही या प्रवाहातील ठळक नावे होत. भयपटांच्या चाहत्यांनी या कृतींना जवळजवळ अभिजाततेचे स्थान दिले. इतर अनेकांनी त्या विकृत म्हणून झिडकारल्या. दोन्ही पक्षांनी या चित्रपटांचे वेगळेपण रक्तपाताच्या प्रमाणात शोधले. परंतु रक्तपात अन्य देशांच्या भयपटांतही विपुल आढळतो. प्रेक्षकाला कोणत्या भूमिकेतून पाहावयास लावले जाते, या प्रश्नाच्या आधारे विचार केल्यास या प्रवाहाचे स्वरूप आणि त्यातील कृतींचे तारतम्य अधिक स्पष्ट होते.

संज्ञेचा प्रवास

या प्रवाहाला आज ‘नव-फ्रेंच आत्यंतिकता’ या नावाने ओळखले जाते. ही संज्ञा टोरांटो येथील समीक्षक जेम्स क्वांड्ट यांनी ‘आर्टफोरम’ या नियतकालिकातील २००४ सालच्या लेखात प्रथम योजली. त्यांचा रोख मात्र भयपटांवर नव्हता. ब्रूनो द्युमाँ, गास्पार नोए, कातरीन ब्रेया, क्लेर दनी यांसारख्या कलात्मक चित्रपटांच्या दिग्दर्शकांनी नग्नता, हिंसा आणि देहविटंबना यांचा आश्रय घ्यावा, याविषयीची नाराजी त्या लेखात व्यक्त झाली होती. दनी यांचा ‘ट्रबल एव्हरी डे’ (२००१), नोए यांचा ‘इर्रेव्हेर्सिब्ल’ (२००२) आणि मारीना द व्हान यांचा ‘दाँ मा पो’ (२००२) ही त्या वळणाची उदाहरणे. पुढील काही वर्षांत प्रत्यक्ष भयपट निर्माण झाले, तेव्हा तेच नाव त्यांनाही लाभले आणि चाहत्यांनी ते गौरवाने स्वीकारले. दूषण म्हणून जन्मलेली संज्ञा भूषण ठरावी, हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. तथापि कलात्मक चित्रपट आणि लोकप्रिय भयपट या दोन भिन्न परंपरा एकाच नावाखाली आल्या, ही गोष्ट विवेचनात सतत ध्यानात ठेवावी लागते.

औचित्य आणि त्याचे उल्लंघन

सतराव्या शतकातील अभिजात फ्रेंच रंगभूमीने रंगमंचावरील रक्तपात औचित्याच्या नियमाने निषिद्ध मानला होता. रासीनच्या ‘फेद्र’ (१६७७) या शोकांतिकेत इपोलितचा भीषण मृत्यू प्रेक्षकाला दिसत नाही. तेरामेन त्याचे निवेदन करतो. नाट्यशास्त्रातही मृत्यू, युद्ध, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता सूचित कराव्यात, असा संकेत आहे. जे दृष्टीआड ठेवायचे ते शब्दाच्या हवाली करायचे, हे दोन्हीकडचे धोरण.

या नियमाचे उल्लंघन करणारी परंपराही फ्रान्समध्येच वाढली. १८९७ साली ऑस्कार मेतेनिए यांनी पॅरिसच्या पिगाल भागातील एका जुन्या प्रार्थनागृहात ‘ग्राँ गिन्योल’ हे छोटे नाट्यगृह सुरू केले. डोळे काढणे, गळा चिरणे असे प्रकार तेथे हुबेहूब दाखवले जात. १९६२ मध्ये हे नाट्यगृह बंद पडले. त्याच सुमारास जॉर्ज फ्रांज्यू यांनी ‘ले यो साँ व्हिजाज’ (१९६०) हा चित्रपट निर्माण केला. विद्रूप झालेल्या मुलीसाठी इतर तरुणींचे चेहरे सोलून काढणारा शल्यवैद्य हा त्याचा विषय. त्यातील शस्त्रक्रियेचे दृश्य कॅमेरा शांतपणे, घाई न करता पाहत राहतो. ‘ग्राँ गिन्योल’चा धक्का आणि फ्रांज्यूंची स्थिर नजर या दोहोंचा वारसा नव्या भयपटांत एकत्र येतो.

उदयाची कारणे

या दिग्दर्शकांची पिढी अमेरिकन व इटालियन भयपटांवर पोसलेली होती. १९७२ पासून निघणाऱ्या ‘मॅड मूव्हीज’सारख्या नियतकालिकांनी या आवडीला वाचकवर्ग मिळवून दिला, ब्युस्तिलो हे त्याच नियतकालिकात लेखन करीत असत. लोजिए यांनी ‘मार्तीर’ हा चित्रपट इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो यांना अर्पण केला. म्हणजे चाहताच येथे निर्माता झाला होता.

दुसरे कारण सामाजिक. एप्रिल २००२ मध्ये अतिउजव्या पक्षाचे झाँ-मारी ल पेन अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत पोचले. ऑक्टोबर २००५ मध्ये क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांपासून लपू पाहणारी दोन मुले वीज-उपकेंद्रात मृत्युमुखी पडली आणि देशभर दंगली उसळल्या. ‘फ्राँतिएर’मध्ये अशाच निवडणुकीच्या काळातील दंगलींतून निसटलेले उपनगरी तरुण सीमेलगतच्या एका खाणावळीत नाझी वृत्तीच्या कुटुंबाच्या तावडीत सापडतात. ‘आ लँतेरिअर’ची कथा नाताळच्या आदल्या रात्री घडते आणि तिच्या पार्श्वभूमीवर दंगलीच धुमसत असतात. घर, गर्भ आणि राष्ट्र या तिन्हींच्या सीमा भेदल्या जाण्याची भीती या कृतींत एकमेकींत मिसळते.

तिसरा मुद्दा व्यवस्थेचा. फ्रान्समधील चित्रपटनिर्मितीत दूरचित्रवाहिन्यांचे अर्थसाहाय्य निर्णायक असते. त्यामुळे वयोमर्यादेचा शिक्का हा आर्थिक प्रश्नही ठरतो. ‘बेझ-मुआ’ (२०००) या चित्रपटावरून झालेल्या वादानंतर २००१ मध्ये अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना बंदी करणारी श्रेणी पुन्हा अस्तित्वात आली. २००८ मध्ये ‘मार्तीर’ला तीच श्रेणी देण्यात आली. चित्रपटक्षेत्रातून विरोध झाल्यावर सांस्कृतिक मंत्री क्रिस्तीन आल्बानेल यांनी फेरविचार करावयास सांगितले आणि मर्यादा सोळा वर्षांवर आली.

भयाकडून वेदनेकडे

रससिद्धान्ताच्या परिभाषेत भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस असून भय आणि जुगुप्सा हे त्यांचे स्थायी भाव होत. रूढ भयपट भयावर आधारलेला असतो : काय घडेल, ही शंका त्याला पुरते. ‘ईल’ हा चित्रपट बव्हंशी याच मार्गाने जातो आणि म्हणूनच त्यात रक्त कमी आहे. ‘आ लँतेरिअर’मध्ये मात्र काय घडणार हे प्रेक्षकाला लवकर उमगते. अपघातात पतीला गमावलेल्या गर्भवती साराच्या घरात काळ्या वस्त्रांतील एक अनामिक स्त्री शिरते. तिच्या हाती कात्री असते आणि तिला मूल हवे असते. उरते ती घडणाऱ्याची वेदना. बेआत्रिस दाल यांनी साकारलेल्या या स्त्रीनेही आपले मूल त्याच अपघातात गमावले होते, हे अखेरीस कळते तेव्हा जुगुप्सेच्या तळाशी शोक असल्याचे जाणवते. चाहत्यांच्या मनातील या चित्रपटाचे स्थान केवळ त्यातील धाडसामुळे नसावे. त्याला या शोकाचाही आधार आहे.

‘मार्तीर’ याच्याही पुढे जातो. पूर्वार्धात सूडाची कथा वाटणारा हा चित्रपट मध्यावर आपला प्रकारच बदलतो. मृत्यूपलीकडचे ज्ञान मिळवू पाहणारा एक सधन, सुसंस्कृत गट तरुणींना पद्धतशीर यातना देत असतो. ॲना या नायिकेवरील अत्याचाराची दृश्ये मुद्दाम एकसुरी ठेवलेली आहेत. त्यांत उत्कंठा नाही, सुटकेची आशा नाही. चित्रपट शीर्षकाच्या मूळ अर्थाकडेही लक्ष वेधतो. ‘मार्तीर’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘साक्षीदार’ असा आहे. मराठीतील ‘हुतात्मा’ या प्रतिशब्दात आहुतीची कल्पना आहे, साक्षीची नाही. त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा अर्थ वेगळा समजून घ्यावा लागतो. ॲनाने मृत्यूच्या सीमेवर जे पाहिले ते ती गटाच्या प्रमुख वृद्धेच्या कानात सांगते. ती वृद्धा जमलेल्यांना काहीही न सांगता आत्महत्या करते. इतक्या यातनांच्या मोबदल्यात काहीतरी अर्थ हाती लागेल, ही त्या गटाची अपेक्षा फोल ठरते आणि नेमकी तीच अपेक्षा बाळगून बसलेल्या प्रेक्षकाचीही फसगत होते. प्रेक्षकाला आपण त्या दिवाणखान्यात जमलेल्यांपैकीच एक असल्याची अस्वस्थ जाणीव होते. साधारणीकरणातून मिळणारा आस्वाद येथे हेतुपुरस्सर रोखला जातो.

मर्यादा आणि वारसा

ही कसोटी सर्वच कृतींना लावली असता त्यांतील भेद दिसतात. ‘ओत तांसियाँ’ची गती आणि ध्वनियोजना असामान्य आहे, परंतु नायिकाच खुनी असल्याचा अखेरचा उलगडा आधीच्या घटनांशी जुळत नाही, शिवाय समलिंगी आकर्षणाला मनोविकृतीशी जोडतो. ‘फ्राँतिएर’मधील राजकीय सूचन लवकरच ओळखीच्या अमेरिकन साच्यात विरते. स्त्रीदेहावरील अत्याचाराचे सातत्य हाही गंभीर आक्षेप असून ‘मार्तीर’सुद्धा त्यातून पूर्णपणे सुटत नाही. यातनेचा बाजार उघडा पाडण्यासाठी यातनाच मांडावी लागते, हा पेच तो सोडवीत नाही, फक्त समोर ठेवतो.

या लाटेचा भर लवकर ओसरला. आजा यांनी अमेरिकेत ‘द हिल्स हॅव आइज’ (२००६) केला. मोरो व पालू यांनीही तिकडची वाट धरली. २०१५ मध्ये ‘मार्तीर’ची अमेरिकन आवृत्ती निघाली. मात्र देह हाच अनुभवाचा साक्षी मानण्याची दृष्टी टिकून राहिली आणि ती स्त्री-दिग्दर्शकांच्या हाती नव्या अर्थाने आली. ज्युलिया द्युकूर्नो यांच्या ‘ग्राव्ह’ (२०१६) मध्ये पशुवैद्यकाची शाकाहारी विद्यार्थिनी मांसाच्या वासनेतून स्वतःची ओळख शोधते. त्यांच्याच ‘तितान’ला २०२१ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कोराली फार्झा यांच्या ‘द सबस्टन्स’ला २०२४ मध्ये तेथेच पटकथेचा पुरस्कार लाभला. पूर्वी जो देह केवळ सोसत होता तो या कृतींत इच्छा करतो, बदलतो आणि प्रतिकारही करतो.

बीभत्स हा आपल्या काव्यशास्त्राने मान्य केलेला रस असला तरी त्याचे विवेचन बहुधा उदाहरणांपुरते मर्यादित राहिले. दृश्य माध्यमातील जुगुप्सा कोणत्या क्षणी आस्वादाचा विषय असते आणि कोणत्या क्षणी ती आस्वादकालाच प्रश्न विचारू लागते, याचा शोध घेण्यासाठी या फ्रेंच भयपटांइतकी कठोर सामग्री क्वचितच मिळेल. त्यांचा स्वीकार वा धिक्कार करण्यापूर्वी तो प्रश्न ऐकून घेणे हे समीक्षेचे काम आहे.